त्रिकालजींना ऐकू आलेला रेडिओ

माइक हातात आला की माणूस पहिली गोष्ट काय करतो? फुंकतो. मग बोटाने टकटक करतो. मग 'हॅलो, हॅलो' म्हणतो आणि माझ्याकडे असा बघतो की त्याच्या फुंकरीनेच मशीन सुरू झालं. मालवणात मी तीस वर्षं लाऊडस्पीकर लावले. लग्नं, जत्रा, दशावतार, चर्चचं फेस्त, निवडणुका, आणि एकदा एका हौशी माणसाच्या म्हशीचा वाढदिवससुद्धा. एवढ्या वर्षांत माइक न फुंकणारे दोनच जण भेटले. एक आमचे पाद्री, कारण त्यांना मी आधीच बजावून ठेवलं होतं. दुसरे टीव्हीवरचे त्रिकालजी. लिहायचं आहे ते या दुसऱ्यांबद्दल.

पण आधी धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं, माझं इनास साउंड म्हणजे दोन भोंगे आणि एक वायर. तसं नाही. आमचा जीव असतो मिक्सरमध्ये. कुळागरात, म्हणजे आमच्या बागायतीत, पाटाचं पाणी कसं, इथली माती उघडली की माडाला, तिथली उघडली की पोफळीला. तसा हा मिक्सर. प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या पाटाने येतो आणि तो कुठे सोडायचा ते माझ्या हातात असतं. गायकाला त्याच्यापुरता, तबलजीला त्याच्यापुरता, लोकांना सगळा. मी मात्र कानाला हेडफोन लावून कुठल्याही पाटातला आवाज एकटा ऐकू शकतो. स्टेजवर बसलेले पाहुणे माइकसमोर एकमेकांच्या कानात काय कुजबुजतात, हे लिहायला बसलो तर मालवण सोडावं लागेल.

या धंद्यात सगळं नीट चाललं तर कुणाला आपण दिसत नाही, आणि भोंग्यातून शिट्टी वाजली की आख्खं गाव आपल्याकडे वळून बघतं. तळेऱ्याच्या नाक्यावर एकदा एका पुढाऱ्याचं भाषण होतं. लाईट गेली. बॅटरीवर एकच भोंगा चालला आणि तो नेमका हायवेच्या दिशेला तोंड करून बांधलेला. अर्धा तास भाषण गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी ऐकलं, समोरच्या माणसांनी फक्त हातवारे बघितले. शेवटी टाळ्या पडल्या. पुढारी खूश होऊन मला म्हणाला, "आवाज चांगला होता." मी मान डोलावली. गिऱ्हाईक काय सांगेल ते करायचं आणि का म्हणून विचारायचं नाही, हा आमचा नियम. या नियमाने मला पुढे फार मोठा दगा दिला.

पावसाळ्यात मंडप नसतात. तेव्हा मी दुकानात बसून रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त करायचो. दुरुस्तीवाल्याचं सगळ्यांत लाडकं हत्यार कोणतं, ठाऊक आहे? सोल्डरिंग आयर्न नव्हे. 'फाल्या ये' हे दोन शब्द. फाल्या म्हणजे उद्या. गिऱ्हाईक दारात दिसलं की वर न बघता म्हणायचं, फाल्या ये. काम झालेलं असलं तरी तोंडातून तेच निघतं, इतकी सवय.

तर दोन हजार पाच सालचा मे महिना. माझी बायको रोझी बालवाडीत शिकवते, पण रविवारी सकाळी चर्चमधल्या मिसहून आली की टीव्हीसमोर बसायची, कारण त्या वेळी त्रिकालजींचा कार्यक्रम असे. पांढरा सूट, खांद्यापर्यंत केस, डोळे मिटून बसायचे आणि समोरच्या अनोळखी माणसाला सांगायचे, तुझ्या आईचं नाव हे, तुझ्या उजव्या गुडघ्यात हे, तुझा धाकटा भाऊ तुझ्याशी बोलत नाही. माणूस रडायला लागायचा. रोझीही डोळे पुसायची.

"कसा कळता गो तेका?" मी विचारायचो.

"देवान दिलेला आसता एकेकाक," ती म्हणायची. "तुमका कित्याक तरास होता?"

मला त्रास व्हायचा खरा. देवावर माझा विश्वास आहे, पण देव असा टीव्हीवर नंबर लावून बोलतो हे पटत नव्हतं. शिवाय अशा भानगडी सोडवायचा मला नादच होता. आचऱ्याजवळ एका घरात दुपारी भिंत बोलायची. भगत झाले, कोंबडे झाले, घरातली म्हातारी अंथरुणाला खिळली. मी गेलो, कान लावला. माळ्यावर एक जुना अॅम्प्लिफायर चालूच राहिला होता आणि त्याला जोडलेली लांब वायर रेडिओ स्टेशन पकडत होती. भूत शेतीविषयक माहिती देत होतं. मी पिन काढली, भूत गेलं. तेव्हापासून पंचक्रोशीत माझं नाव झालं आणि मला थोडी मस्तीही चढली.

म्हणून त्रिकालजींचा मॅनेजर जेव्हा दुकानात आला आणि म्हणाला, "बंदराजवळच्या मैदानावर साहेबांचा कार्यक्रम आहे, साउंड तुमचा," तेव्हा मला आनंदाने खुर्चीत बसवेना. टीव्हीवरचा माणूस आता माझ्याच वायरवर बोलणार होता. पकडायचाच त्याला, मी ठरवलं. माझा अंदाज पक्का होता. कुठेतरी छुपा वायरलेस असणार. कुणीतरी लांबून सांगतो, याच्या कानात बारीक बटण, केस म्हणूनच एवढे वाढवलेले. रोझीला म्हटलं, "तुजो देव माज्या हेडफोनात सापडतलो." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

माझा एक दोस्त होता, दत्ता. लहान होडीने मासे मारणारा. शाळेत आम्ही एका बाकावर. या कार्यक्रमाच्या सहा वर्षं आधी, नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल, तो पहाटे होडी घेऊन गेला. त्याचा भागीदार तापाने फणफणला होता, म्हणून एकटाच. सकाळी रेडिओवर मच्छीमारांसाठी वादळाचा इशारा आला. आत गेलेल्या दोनतीन होड्या तो ऐकून परत फिरल्या. दत्ता आला नाही. फळी नाही, जाळं नाही, काहीच आलं नाही.

दत्ताकडे एक ट्रान्झिस्टर होता, चामड्याच्या कव्हरचा, लाल नायलॉनच्या दोरीने बांधलेला. होडीत तो खुंटीला टांगायचा. दर्यात रेडिओशिवाय तो कधीच जात नसे. त्या दिवशी गेला, कारण रेडिओ माझ्या दुकानात होता. दोन दिवसांपूर्वी दुरुस्तीला टाकला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी तो दारात आला. मी टेम्पोत भोंगे चढवत होतो, एका उद्घाटनाची ऑर्डर होती. "झालो काय रे?" त्याने विचारलं. मी वर न बघता म्हटलं, "फाल्या ये." तो म्हणाला, "फाल्या मी दर्यात." मी म्हटलं, "मगे परवा." तो हसला आणि गेला.

त्याची बायको सुमन त्या आठवड्यात बांद्याला भावाकडे होती. तिला या रेडिओचं काही माहीत नव्हतं. घरात रेडिओ नाही म्हणजे दत्ताबरोबर गेला, असं तिने धरलं. मी धरू दिलं. त्यानंतर आठ दिवसांनी मी तो दुरुस्त केला, बिस्किटांच्या डब्यात घातला आणि वरच्या फळीवर मागे सरकवला. रोझीलासुद्धा सांगितलं नाही. सहा वर्षं मी त्या फळीकडे बघत दुकान चालवलं.

सुमन मासळी बाजारात बसायची. भाऊ सारखा निरोप पाठवायचा की बांद्याला ये, बाजारात जागा करून देतो, इथे एकटी काय करतेस. ती जात नव्हती. दत्ताचं दिवसकार्य तिने केलं नव्हतं, कुंकू पुसलं नव्हतं. "तो इलो आणि घराक कुलूप दिसला तर?" एवढंच ती म्हणायची. कार्यक्रमाचं कळल्यावर ती दुकानात आली. बाजारातून थेट आली होती, पाटी डोक्यावरच होती.

"भावजी, माजो नंबर लावा," ती म्हणाली. "माका दुसरा कायच इचारूचा नाय. तो आसा काय नाय, येवढाच सांगूंदे. नाय म्हणालो तर मी बांद्याक जातंय. आसा म्हणालो तर हंयच रवतंय, मरासर."

 मी फळीकडे बघितलं नाही. फक्त म्हटलं, "लावतंय, वयनी."

खरं सांगतो, त्या दिवसापासून माझा उत्साह दुप्पट झाला आणि तो साधा राहिला नाही. मला त्या माणसाची चोरी पकडायची होती. पण मनात कुठेतरी असंही यायचं की याला खरंच काही दिसत असेल तर तो स्टेजवरून बोट करेल आणि म्हणेल, रेडिओ समुद्रात नाही, तो बघा, तिथे मिक्सरवर बसलाय त्या माणसाच्या फळीवर आहे. हे आठवलं की मी फळीकडे पाठ करून बसायचो. आणि तसं व्हावं असंही वाटायचं. म्हणजे मग मला स्वतःहून सांगावं लागलं नसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सातलाच मी मैदानावर हजर. मॅनेजर हातात कागद घेऊन फिरत होता. "हे बघा," तो म्हणाला, "गेटजवळ नोंदणीचं टेबल, तिथे एक माइक ठेवा, नंबर पुकारायला. नंबर पुकारताना तेवढा तो मंडपात सोडा, एरवी बंद ठेवा, उगाच गलका नको. पण साहेबांच्या विश्रांतीच्या खोलीत एक छोटा स्पीकर बॉक्स लावा आणि त्यात सगळे माइक चालू ठेवा. साहेबांना बाहेरचं वातावरण कळलं पाहिजे."

मी लावला. स्टेजमागच्या पडद्यातून तीस मीटर वायर माझ्या हाताने ओढली. पाणी सांडून चिखल झाला होता तिथे बांबूवरून नेली, कुणाचा पाय अडकू नये म्हणून चिकटपट्टी मारली, बॉक्स टेबलावर ठेवून आवाज तपासला. फार नीटनेटकं काम झालं. का म्हणून विचारलं नाही. मोठ्या माणसांच्या खोड्या आम्हाला नव्या नसतात. एका बुवांना तर आपला आवाज देवळात गायल्यासारखा घुमून हवा असे, आणि तोही फक्त आरतीला.

मग माझा शोध सुरू झाला. खिशात छोटा रेडिओ, त्याचा काटा हळूहळू फिरवत मी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. छुपा वायरलेस असेल तर खरखर यायला हवी. तिसऱ्या फेरीला आली. अंगावर काटाच आला. मी खरखरीच्या मागे मागे गेलो, कुंपण ओलांडलं, एका गल्लीत शिरलो आणि बर्फाच्या कारखान्याच्या मोटारीसमोर जाऊन उभा राहिलो. तिथला माणूस म्हणाला, "कितें इनास, बरफ व्हयो?" मी दोन लाद्या सांगून परत आलो.

चार वाजता मैदान भरलं. देवगडपासून माणसं आली होती. एस्टीच्या दोन गाड्या तर गच्च भरून आल्या. त्रिकालजींची गाडी पांढरी. उतरले, हात जोडले, सरळ खोलीत गेले. मी मुद्दाम माइकची क्लिप लावायला पुढे झालो. छातीवर क्लिप लावताना मान वाकडी करून कान बघितला. डावा साफ. उजवाही साफ. अत्तराचा वास तेवढा आला. त्यांनी माझ्याकडे बघून स्मित केलं आणि म्हणाले, "काही शोधताय?"  याला कळलंय, मला वाटलं. सगळं कळलंय.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या सात जणांचं सगळं बरोबर निघालं. एकीच्या मुलीचं नाव, एकाच्या बंद पडलेल्या हॉटेलचं गाव. मध्ये मध्ये त्रिकालजी 'ध्यानाला' आत जात, दहा मिनिटांनी बाहेर येत. लोक सुन्न बसलेले. मीसुद्धा हादरलो होतो. कान साफ, हवेत वायरलेस नाही. मग काय? माझ्या आचऱ्याच्या भुताचा सगळा तोरा उतरत चालला होता, आणि विश्वास ठेवा, मला आनंद होत होता. म्हटलं, चला, सापडलं काहीतरी खरं. आता मी सुटतो.

अशा वेळी हात आपोआप काम करतो. ते आत ध्यानाला गेले असताना मी सवयीने एकेक माइक हेडफोनवर तपासत होतो. चार नंबरच्या माइकचं बटण दाबलं आणि कानात सुमनचा आवाज आला.

"...रेडिओ सोडून तो कधी गेलो नाय. होडयेत टांगी तो."

मग एक गोड आवाज, नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीचा. "त्या दिवशीही नेला होता का, काकी?"

"न्हेलोच आसतलो. घरात नाय तो."

"होडीत एकटेच होते?"

मी प्रथम म्हटलं, हा माइक कुणी चालू ठेवला? मग आठवलं, मीच. मग वायरीच्या मागे नजर गेली. टेबलापासून मिक्सर, मिक्सरपासून बांबू, बांबूवरून पडदा, पडद्यातून खोली, खोलीत बॉक्स, बॉक्ससमोर डोळे मिटून ध्यानाला बसलेले त्रिकालजी. सगळी वायर माझी. चिकटपट्टीसुद्धा माझी.

इतका राग आयुष्यात कधी आला नाही. तो फसवतो याचा नव्हे, एवढ्या साध्या गोष्टीवर फसवतो याचा. मी आकाशात वायरलेस शोधत फिरलो आणि त्याचा सगळा चमत्कार माझ्याच दोन पिनांवर चालला होता. निदान चोर तरी हुशार निघायला हवा होता की नाही?

सुमनचा नंबर आला. ती स्टेजवर गेली, पदर सावरून उभी राहिली. त्रिकालजींनी डोळे मिटले.

"माई, तुमचे मालक पाण्यावर गेले." मैदानात सुस्कारा निघाला. मालवणात निम्म्या घरांतला कुणी ना कुणी पाण्यावर गेलेला असतो, पण ते कुणाच्या लक्षात येईना. "होडीत एकटे होते. थांबा, मला काहीतरी ऐकू येतंय. गाणं. नाही, रेडिओ. एक रेडिओ वाजतोय, टांगलेला आहे. त्यांनी इशारा ऐकला, माई. होडी दुसऱ्या किनाऱ्याला लावली. तो रेडिओ अजून वाजतोय. ते आहेत. वाट बघा."

सुमन रडली नाही. तिने गर्दीत मला शोधलं आणि हात वर केला. आसा, म्हणजे आहे तो, असं तिला मला सांगायचं होतं. सहा वर्षांत तो चेहरा मी तसा बघितला नव्हता.

माझं डोकं फिरलं. मी चार नंबरचा पाट मंडपाच्या सहाच्या सहा भोंग्यांवर सोडला, पुरता. म्हटलं, ऐका लेको, याचा देव कुठून बोलतो ते. सगळ्या मैदानावर त्या मुलीचा आवाज घुमला, "कधीपासून आहे हे, आजोबा?" आणि पाठोपाठ तळेऱ्याच्या एका म्हाताऱ्याचा, "काय सांगू बाये तुका, बसाकच येणा नाय. मूळव्याध ती."

आख्खं मैदान हसायला लागलं. मी उभा राहून ओरडत होतो की ही वायर बघा, त्यांच्या खोलीत जाते. कोण ऐकतो? माझ्यासमोर माइक नव्हता ना. त्रिकालजींनी डोळे उघडले, शांतपणे म्हणाले, "यंत्र थकतं. मंत्र थकत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणी ओरडला, "रे इनास, मशीन सांभाळ तुजा!" मॅनेजर धावत आला आणि त्यानेच चार नंबर बंद केला. शिट्टी वाजली की चूक साउंडवाल्याची, हे मी तुम्हाला आधीच सांगितलंय. म्हातारा मात्र बिचारा तोंड लपवून गेटमधून निघून गेला. त्याची माफी मागायची राहून गेली ती राहिलीच.

सगळं आवरल्यावर मी बॉक्स आणायला खोलीत गेलो. त्रिकालजी बनियनवर बसून सोलकढी पीत होते. सूट खिळ्याला. केसांत घाम. टीव्हीवर दिसतात त्याच्या निम्मेही नव्हते.

"मशीन तुम्हीच बिघडवलंत ना?" ते म्हणाले. रागावले नव्हते.

मी बॉक्सची पिन काढली. "त्या बाईच्या नवऱ्याकडे रेडिओ नव्हता," मी म्हटलं.

"मग कुणाकडे होता?"

मी वायरीची पिन पुसत राहिलो. ते वाट बघत होते. मला एक क्षण परत वाटलं की आता म्हणेल, तुझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत मी अगदी शोधलं. तिथे काही नव्हतं, दिवसभर बोलून थकलेला एक माणूस होता.

"बघा," ते म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही. मला लोक जे सांगतात तेच मी त्यांना परत देतो. यात वाईट मी कसा?" वाटी खाली ठेवून ते हसले. "आवाज स्वच्छ असतो हो तुमचा. कुडाळला पुढच्या महिन्यात आहे आमचं, याल का?"

मी वायर गुंडाळत बाहेर आलो. कुडाळला गेलो नाही, एवढं पुण्य गाठीला आहे. 

घरी आल्यावर रोझीला सगळं सांगितलं, रेडिओसकट. ती भाजी चिरत होती, विळी बाजूला ठेवली. मला वाटलं, ओरडेल. ती इतकंच म्हणाली, "वयनीक आदी सांगूक व्हया होतास. माका आज सांगून काय उपेग?"

सकाळी बिस्किटांचा डबा घेऊन सुमनच्या घरी गेलो. तिने अंगण सारवलं होतं, दाराला आंब्याच्या पानांचा टाळ बांधला होता. भावाला फोन करून सांगूनही झालं होतं की मी बांद्याला येत नाही, आता कधीच येत नाही. मला बघून तिने पाट मांडला. मी बसलो नाही. डबा उघडून रेडिओ पडवीत तिच्यासमोर ठेवला.

लाल दोरी तिने लगेच ओळखली. "खंय गावलो?" तिचा आवाज चढला. "दर्यान दिल्यान? तेनी सांगल्यानी तसोच..."

"दर्यान नाय, वयनी. ह्यो माज्या दुकानात होतो. सा वर्सां. दत्त्यान दुरुस्तीक दिल्लो. तेच्या होडयेत त्या दिसा रेडिओ नव्हतो."

ती दोरीवरून बोट फिरवत राहिली.  मग तिने एकच विचारलं.

"तो न्हेवक इल्लो?"

"इल्लो. आदल्या दिसा सांजेक."

"मगे?"

"मी म्हटलंय, फाल्या ये."

 तिने रेडिओ उचलून छातीशी धरला आणि ती आत गेली. आतून म्हणाली, "जावा तुमी." मी गेलो.

पंधरा दिवसांनी तिने दत्ताचं कार्य केलं. मला बोलावणं नव्हतं. मग घराला कुलूप लावलं, किल्ली रोझीच्या हातात दिली आणि एस्टीने बांद्याला गेली. पुढची चार वर्षं ती मालवणात आली की रोझीला भेटायची, मासे द्यायची, माझ्या दुकानावरून मात्र सरळ पुढे जायची. मला त्यात काही गैर वाटलं नाही. त्रिकालजी यथावकाश टीव्हीवरून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. रोझी आता रविवारी टीव्ही लावत नाही, दुपारची झोपते.

दोन हजार नऊचा पावसाळा संपत आला होता. मी दुकानात खाली मान घालून एक टेप उघडत होतो. दारात सावली पडली. तोंडात शब्द आलेही होते, इतक्या वर्षांची सवय. वर बघितलं तर सुमन. तिने पिशवीतून ट्रान्झिस्टर काढून काउंटरवर ठेवला. लाल दोरी जाऊन निळी आली होती.

"आवाज येणा नाय," ती म्हणाली. "कधी देतलास?"

बांद्यात रेडिओ दुरुस्त करणारी तीन दुकानं आहेत. तिन्ही मला माहीत आहेत, त्यातला एक तर माझ्याच हाताखाली शिकला. ती एस्टीने दीड तास बसून इथे आली होती.

"बसा हंयसर, वयनी," मी म्हटलं. "आत्ता देतंय."

ती स्टुलावर बसली. मी टेप बाजूला सारला, मागचं झाकण उघडलं. स्पीकरच्या वायरीचा टाका सुटला होता, मागे सुटला होता तोच. आयर्न तापायला ठेवलं. टाका दिला, सेल घातले, बटण फिरवलं. आवाज आला. पाच मिनिटांचं काम. तेव्हाही तेवढंच होतं.